केळीचे साल, कापसाची लव आणि आपला हक्क

रमजान आला की केळीचा भाव चढतो, हे खान्देशातल्या माणसाला सांगावे लागत नाही. रावेर, यावल, चोपडा या भागांतून केळी उत्तरेकडे दिल्ली-पंजाबपर्यंत जाते, समुद्र ओलांडून आखाती देशांतही जाते. इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर परदेशची असेल, पण केळी बहुतेक वेळा आपल्या तापीकाठची. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ साली तांदलवाडीची केळी दुबईला रवाना झाली. दोन्ही वेळा आपल्याला अभिमान वाटला आणि तो योग्यच होता.

मात्र केळी परदेशी गेली की बातमी होते, हातगाडीवर काळी पडली तर होत नाही. नशिराबादजवळून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला, भुसावळ स्टेशनबाहेर, जळगावच्या बाजारात गाड्या लावणारे आमचे बागवान भाऊ सकाळी फण्या मांडतात. वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. एका गाडीवाल्या भावाने मला एका ओळीत सगळा हिशेब सांगितला होता : "बाजी, सुबह की पीली, शाम की काली." संध्याकाळी उरलेला माल निम्म्या भावात जातो, नाहीतर गुरांपुढे. हे नुकसान कुठल्याही विम्यात बसत नाही आणि कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

आज मला ज्या विषयावर लिहायचे आहे तो वरवर पाहता प्रयोगशाळेतला आहे. वनस्पतीपासून बनवलेले पातळ पापुद्रे, फळांवर द्यायचे लेप आणि त्यांत तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे सूक्ष्म कण. मी भाषा शिकवते, रसायनशास्त्र नाही. तरीही लिहिते आहे, कारण या संशोधनाला लागणारा कच्चा माल आपल्या शेतात पडून आहे, त्याने सुटू शकणारा प्रश्न आपल्या गाडीवर आहे, आणि त्याबद्दलची चर्चा मात्र आपल्या दोन्ही भाषांत जवळजवळ नाही.

आधी केळी काळी का पडते ते पाहू. केळी घडापासून तुटली तरी जिवंत असते. ती श्वास घेते, ऑक्सिजन आत घेते, कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडते, आणि पिकायला लागली की इथिलीन नावाचा वायू स्वतःच तयार करते. तो वायू तिला आणखी पिकवतो आणि शेजारच्या फणीलाही पिकवतो. सालीवाटे पाणी उडत राहते. उष्णता वाढली की हे सारे वेगाने होते. मग थंडीत ठेवावी म्हटले तर तीही सोसत नाही. साधारण तेरा अंशांच्या खाली गेली की केळीच्या सालीला थंडी बाधते आणि ती फ्रीजमध्येच काळवंडते. म्हणजे सफरचंदाला जो उपाय चालतो तो केळीला चालत नाही. शिवाय गाडीवाल्याकडे शीतगृह कुठून येणार?

म्हणून जगभर एक दुसरा विचार चालू आहे. फळाच्या सालीवर इतका पातळ लेप द्यायचा की डोळ्यांना दिसणार नाही, पण पाण्याचे उडणे कमी होईल आणि श्वासाचा वेग मंदावेल. मेणाचा लेप जुनाच आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नोबा नावाच्या ताडजातीच्या झाडाचे मेण आणि लाखेपासून बनणारे शेलॅक वापरायला परवानगी आहे. पण शुद्ध मेणाचा थर ठिसूळ असतो. दुसरीकडे स्टार्च, पेक्टिन, सेल्युलोज, कायटोसान, जिलेटिन यांचे पापुद्रे छान बनतात, वायूही बऱ्यापैकी अडवतात, पण पाण्याशी त्यांची दोस्ती फार. वाफ त्यांतून सहज निघून जाते आणि ओल लागली की ते लिबलिबीत होतात. साबुदाण्याचा पापड ज्याने पावसाळ्यात वाळत घातला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

उपाय सोपा वाटतो : पापुद्र्यात थोडे तेल किंवा मेण मिसळा. अडचण इथेच आहे. तेल-पाणी एकत्र राहत नाहीत. खान्देशी रश्श्यावर तर्री वर येते ती याच नियमाने. लेप वाळताना पाणी आटते, तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, कुठे डाग पडतात, कुठे तेल झिरपते, कुठे छिद्र राहते. साबणाच्या जातीची रसायने घालून तेल धरता येते, पण हे रेणू थेंबाला चिकटतात तसे सुटतातही, आणि कधी कधी पापुद्र्यालाच मऊ करून सोडतात.

तेल आणि पाणी यांच्या अशा एकजीव मिश्रणाला मराठी शास्त्रीय परिभाषेत 'पायस' म्हणतात. पय म्हणजे दूध. अरबीतून उर्दूत आलेला शब्द 'मुस्तहलब', त्याच्या मुळाशी 'हलब' म्हणजे दूध काढणे. इंग्रजांचा 'इमल्शन' ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचाही अर्थ दूध काढणेच. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच भांड्यात डोकावून नाव ठेवले, कारण दूध हेच माणसाने पाहिलेले पहिले पायस. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलांना गंमत वाटते. माझा मुद्दा असा की विज्ञान परके नाही. त्याचे शब्द आपल्या दोन्ही भाषांत घर करून बसले आहेत, आपण दार उघडत नाही एवढेच.

आता यातली खरी युक्ती. १९०३ साली वॉल्टर रॅम्सडेन या शास्त्रज्ञाने आणि १९०७ साली स्पेन्सर अम्फ्रेविल पिकरिंग यांनी दाखवून दिले की साबणाऐवजी अगदी बारीक घन कण थेंबाभोवती गोळा झाले तर तेही तेल-पाणी धरून ठेवतात. नाव पिकरिंग यांचे पडले. हे पिकरिंग इंग्लंडमध्ये वोबर्न इथल्या फळबागेच्या प्रयोगक्षेत्रावर काम करत होते. झाडांवर फवारायला रॉकेलसारखे खनिज तेल पाण्यात मिसळायचे होते, आणि त्यांनी ते मोरचूद व चुन्यापासून बनणाऱ्या साक्याच्या कणांनी धरून दाखवले. ज्या बोर्डो मिश्रणाची बादली आपल्या बागायतदाराने शंभरदा ढवळली आहे त्याचेच हे भावंड. म्हणजे ही विद्या जन्मली ती बागेच्या गरजेतून. शंभर वर्षांनी ती बागेकडे परत येत असेल तर तो तिचा घरचाच रस्ता आहे.

कण काय करतात? जो कण थोडा पाण्याला आणि थोडा तेलाला भिजतो, तो दोघांच्या सीमेवर जाऊन बसतो. एकदा बसला की उठत नाही. त्रिज्या दहा नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसापुढे काहीच नाही, अशा कणालाही योग्य कोनात बसल्यावर सीमेवरून उचलायला साध्या तापमानाला रेणूंच्या हालचालीत जेवढी ऊर्जा असते तिच्या काही हजार पट ऊर्जा लागते. साबणाच्या रेणूला फारच थोडी पुरते, म्हणून तो येतो-जातो. कणांचे मात्र थेंबाभोवती चिलखत तयार होते. दोन थेंब जवळ आले तरी एकजीव होत नाहीत. लेप वाळला तरी तेल जिथल्या तिथे, सारखे पसरलेले राहण्याची शक्यता वाढते. त्या तेलात लवंग किंवा दालचिनीचे तेल असेल तर तेही एकदम उडून न जाता हळूहळू बाहेर येते आणि बुरशीला आवर घालते.

हे कण कशाचे करायचे? मातीचे, सिलिकाचे करता येतात, पण खाद्यपदार्थांसाठी शास्त्रज्ञांचा कल वनस्पतीकडे आहे. मक्यातले झीन नावाचे प्रथिन, स्टार्चचे बारीक स्फटिक, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नॅनोसेल्युलोज, म्हणजे झाडाच्या तंतूचे अतिसूक्ष्म तुकडे. अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली नॅनोसेल्युलोज वापरलेल्या पायसाचा लेप केळीवरच तपासला आणि पिकण्याचा वेग मंदावल्याचे नोंदवले. पुढच्या वर्षी त्यांनी कणांनी धरलेले पायस कायटोसानच्या लेपात घालून नाशपातीवर प्रयोग केला. प्रयोग ऑरेगनला, केळी आपल्याकडे!

आणि नॅनोसेल्युलोज? सरकीवर जी बारीक लव उरते ती जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. १९२४ साली सुरू झालेली. तिथे कापसाच्या लवेपासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा पथदर्शी कारखाना उभा राहिला आहे. म्हणजे ज्ञान देशात आहे, आपल्या राज्यात आहे. खान्देशात कापूस आहे, पऱ्हाटी आहे. घड उतरल्यावर केळीचे खोड तोडून बांधावर टाकतात, त्यात तंतू आहेत. त्या खोडापासून उपयोगी वस्तू करण्याचे काम शेजारच्या गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाने केले आहे. जळगावच्या आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाकडे स्वतःची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. ज्या बहिणाबाईंच्या नावाने विद्यापीठ आहे त्या शेतात राबलेल्या. कापूस, केळी, विद्यापीठ, उन्हाळा, गाडीवाला, सगळे एकाच जिल्ह्यात असताना हे काम इथे मोठ्या प्रमाणावर होत नसेल तर प्रश्न विचारला पाहिजे.

माझा पहिला आग्रह हा : प्रयोग गाडीवर व्हावा. प्रयोगशाळेतल्या पंचवीस अंशांत, मोजक्या आर्द्रतेत टिकलेला लेप नशिराबादच्या रस्त्यावर टिकेलच असे नाही. इथे ऊन आहे, ट्रकची धूळ आहे, दिवसातून दहा वेळा फणी उचलून खाली ठेवणारे गिऱ्हाईक आहे. लेप जाड झाला तर केळीचा श्वासच कोंडतो, आतून ती आंबते आणि चव बिघडते. पातळ झाला तर उपयोग नाही. हा बारीक तोल कोणत्या जातीला, कोणत्या पक्वतेला, कोणत्या महिन्यात किती, हे बागवानाला सोबत घेतल्याशिवाय कळणार नाही. बोट लावून केळी किती तासांत उतरेल हे सांगणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांचे ज्ञान पदवीविना आहे म्हणून ते ज्ञान नाही असे मानू नये.

दुसरा आग्रह पारदर्शकतेचा, आणि इथे हा विषय आपल्या घरात येतो. लेप कशाचा आहे? जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून होते. कुठले जनावर, कसे कापलेले, हा प्रश्न मुसलमान विचारणारच. कायटोसान बाजारात बहुतांशी झिंगे आणि खेकड्यांच्या कवचांपासून येते. हनफी मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी मासळीच हलाल मानतात, झिंग्याबाबत उलेमांत मतभेद आहेत, खेकडा नाही. कोकणातल्या शाफई बांधवांना मात्र झिंग्यात अडचण वाटत नाही. शेलॅक लाखेच्या किड्याच्या स्रावापासून होते. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. कवचातून काढलेल्या पदार्थाचे रूप बदलल्यावर हुकूम बदलतो का, हा जाणकारांचा विषय आहे, आणि त्यांनी तो वेळेवर हाती घ्यावा एवढीच माझी विनंती.

पण हा प्रश्न फक्त आपला नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या वारकरी शेजाऱ्याला, जैन दुकानदाराला, कवचाच्या जिवांची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला हेच जाणून घ्यायचे आहे. केळीची साल आपण फेकतो, पण उद्या तोच लेप द्राक्षावर, टोमॅटोवर, सफरचंदावर येईल आणि सालीसकट पोटात जाईल. पाकिटबंद मालावर हिरवा ठिपका असतो, सुट्या फळावर काय असते? मेण लावलेल्या फळाची माहिती लेबलावर द्यावी असा नियम आहे, पण ज्या खोक्यावर तो मजकूर असेल ते खोके बाजार समितीतच फुटते. गिऱ्हाईकापर्यंत पोहोचते ते नुसते चकचकीत फळ. म्हणून लेप कशाचा, हे साध्या मराठीत, आणि जिथे गरज असेल तिथे उर्दूतही, गाडीवर लटकवता येईल अशा पाटीवर आले पाहिजे. कापसाची लव, मक्याचे प्रथिन, केळीचे खोड यांच्यापासून बनलेला लेप असेल तर कोणाच्याच ताटात अडचण येत नाही. ज्या देशात एका गल्लीत चार प्रकारचे सोवळे आणि दोन मसलक राहतात तिथे हाच मार्ग शहाणपणाचा आहे, आणि नशिबाने कच्चा मालही हाच आपल्याकडे आहे.

माहिती दिली नाही तर अफवा येते. २०२३ साली ॲपील नावाच्या एका अमेरिकन कंपनीच्या लेपाबद्दल जगभर व्हॉट्सॲपवर भीती पसरली. त्याच नावाच्या, पण कसलाही संबंध नसलेल्या फरशी-बिरशी पुसायच्या द्रवाचे माहितीपत्रक फळाच्या लेपाचे म्हणून फिरवले गेले. आपल्या गटांतही असले संदेश 'जास्तीत जास्त शेअर करा' म्हणत फिरतात. अफवेला उत्तर म्हणजे उघड माहिती. "तुम्हाला काय कळतंय" असे म्हणून ती थांबत नाही.

तिसरी गोष्ट प्लास्टिकची. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद केल्या. हेतू चांगला. पण दंडाची पावती बहुतेक वेळा गाडीवाल्याच्या हातात येते, पिशवी बनवणारा कारखाना लांब राहतो. आजार म्हशीला, औषध पखालीला. वनस्पतीजन्य पापुद्रे हा पर्याय म्हणून पुढे आणताना हे भान हवे. आणि शब्दांची फसवणूकही ओळखली पाहिजे. उसापासून बनवलेले पॉलिथिन 'जैव' असते, पण ते साध्या पॉलिथिनइतकेच वर्षानुवर्षे पडून राहते. काही 'कुजणाऱ्या' पिशव्या फक्त खास कारखान्यात साठ अंशांच्या आसपास नीट कुजतात, आपल्या उकिरड्यावर नाही. 'कशापासून बनले' आणि 'शेवटी काय होते' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

कोणी म्हणेल, हे सारे महाग पडेल, केळीच्या डझनाला परवडणार नाही. शंका रास्त आहे. नॅनोसेल्युलोज बनवायला यंत्रे आणि वीज लागते, आणि वाळताना थेंब फुटू नयेत म्हणून बरेच प्रयोग अजून व्हायचे आहेत. हा जादूचा दिवा नाही. पण केळीच्या बागेत ठिबक आले, टिश्यू कल्चरची रोपे आली, तेव्हाही 'परवडणार नाही' हेच शब्द होते. जळगाव जिल्ह्यानेच ते खोटे ठरवले. फरक इतकाच हवा की या वेळी फायदा निर्यातीच्या खोक्यापर्यंत थांबू नये. लेपाचे द्रावण बाजार समितीत किंवा सहकारी संस्थेत टाकीत तयार मिळावे, बागवानाने टोपली बुडवून काढावी, इतके ते सोपे आणि स्वस्त झाले तरच त्याला लोकांचे तंत्रज्ञान म्हणता येईल. सरकारी पैशाने झालेले संशोधन एखाद्या पेटंटच्या कुलपात जाऊन पुन्हा आपल्यालाच विकले जाऊ नये.

शेवटचे, माझ्या पेशाचे. उर्दू माध्यमातून दहावी झालेली हुशार मुले-मुली विज्ञान शाखेच्या दारात अडखळतात, कारण तिथली भाषा अचानक बदलते. जी मुलगी 'मुस्तहलब' शिकली तिला 'इमल्शन' परके वाटते, आणि 'पायस' तर कोणी सांगितलेलेच नसते. मग ती शाखा बदलते. बागवानाची लेक, जिने लहानपणापासून केळी पिकताना पाहिली आहे, तीच या विषयात सर्वांत चांगली संशोधक होऊ शकते. तिला फक्त दोन शब्दांमधला पूल हवा आहे. तो पूल बांधणे हे माझ्यासारख्या शिक्षकांचे काम आहे, आणि ते आम्ही शाळेतच करू शकतो : विज्ञानाच्या प्रत्येक धड्यामागे तीन भाषांतल्या शब्दांची एक यादी, इतके साधे.

पालकांनो, या वर्षी दहावी झालेल्या मुलीचा दाखला घ्यायला जाल तेव्हा एकदा विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे माहितीपत्रकही आणा. विद्यापीठातल्या आणि कृषी संस्थांतल्या मित्रांनो, पुढच्या उन्हाळ्यात एक प्रयोग आमच्या रस्त्यावर लावा, बागवान भाऊ जागा देतील. आणि वाचकहो, चकचकीत फळ हातात आले की विक्रेत्याला न रागावता एवढेच विचारा : यावर काय लावले आहे? उत्तर आज त्याच्याकडेही नसेल. पण दहा जणांनी विचारले की तो अडत्याला विचारेल, अडत्या कंपनीला विचारेल. हक्काची सुरुवात नेहमी अशाच साध्या प्रश्नापासून होते.